किडनीचा डॉक्टर: दोघांतला कोणता?

मुतखडा झाला की घरचे म्हणतात, "किडनीवाल्याला दाखव." पण किडनीवाले दोन. युरोलॉजिस्ट हा सर्जन: एमएस, मग एमसीएच. खडा, प्रोस्टेट, मूत्रमार्गातला अडथळा ही त्याची कामं. नेफ्रॉलॉजिस्ट एमडी मेडिसिन करून डीएम झालेला. त्याच्यासमोर रिपोर्टांची जाडजूड फाइल. क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा घटक), लघवीतलं प्रोटीन, पोटॅशियम, बीपीच्या गोळ्या, डायालिसिस.

खडा निघाला की पेशंट पेढे देऊन मोकळा. नेफ्रॉलॉजिस्टचा पेशंट मात्र वर्षानुवर्षं येत राहतो, आणि सगळं नीट चाललं तर काहीच घडत नाही. असल्या डॉक्टरवर सिनेमा कोण काढणार? पडद्यावर किडनी दिसते ती चोरीला गेलेली, नाहीतर भावाने तासाभरात काढून दिलेली! प्रत्यक्षात अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याप्रमाणे कागदपत्रं आणि परवानगी, शिवाय रक्तगट, क्रॉसमॅच (पेशंटचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का, ही चाचणी), दात्याच्या तपासण्या. यात कितीतरी दिवस जातात. शस्त्रक्रिया बहुधा युरोलॉजिस्ट करतो. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून पुढची सगळी वर्षं औषधांचं गणित बघतो तो नेफ्रॉलॉजिस्ट.

पाठीतून जांघेकडे कळ जातेय? युरोलॉजिस्ट. पायावर सूज, लघवीला फेस, जुना मधुमेह? मग दुसऱ्याकडे, आणि दुखायची वाट न बघता.