दोन दिवसांत सुकलेले ‘जवसाचे तेल’

आमच्या घरी दोन ससे आहेत. त्यांच्यासाठी घेतलेले लाकडी घर आणि उतरती फळी कोऱ्या लाकडाची होती. कोऱ्या लाकडात मूत्र मुरते, काळपट डाग पडतात आणि पुढे कितीही धुतले तरी तो उग्र दर्प जात नाही, म्हणून दोन्ही वस्तूंना संरक्षक लेप द्यायचे ठरवून मी ते काम एका व्यावसायिकाकडे सोपवले. तिथे माझी फसवणूक झाली. ज्यांच्याकडे कुरतडणारे प्राणी आहेत त्यांनी असे काम बाहेर देण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगितले होते की सशांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि समोर आलेले लाकूड ते कुरतडणारच. त्यांनी मान डोलावली, प्राण्यांच्या वस्तूंना आपण फक्त कच्चे जवसाचे तेल आणि वरून मधमाश्यांचे मेण लावतो असे सांगितले, आणि सामान आणायचे आहे म्हणून पूर्ण पैसे आगाऊ घेतले. पावतीवर मात्र ‘संरक्षक कोटिंग’ एवढेच दोन शब्द होते. तेल आणि मेण हे शब्द लिहून घ्यावेत, हे मला तेव्हा सुचले नाही.

दोन दिवस मध्ये गेले आणि तिसऱ्या दिवशी वस्तू परत आल्या. घर काचेसारखे चमकत होते आणि हाताला कोरडे लागत होते. खरे तर त्याच क्षणी संशय यायला हवा होता. कच्चे जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होते आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. ‘उकळलेले’ म्हणून विकले जाणारे तेल लवकर सुकते, पण त्यात बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगे मिसळलेली असतात, त्यामुळे कुरतडणाऱ्या प्राण्यासाठी तेही नको. शिवाय तेल लाकडात मुरते, मेणाची झळाळी मंद असते. काचेसारखी चकाकी पृष्ठभागावर थर बसल्याशिवाय येत नाही. घरात डोके घातले तर थिनरचा डोके चढवणारा वास येत होता. विचारल्यावर ‘मेणाचाच वास आहे, जाईल’ असे उत्तर मिळाले आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

चार दिवसांनी दाराच्या कडेशी नखाएवढे पारदर्शक पापुद्रे पडलेले दिसले. कडेवर दातांच्या खुणा होत्या, आणि तिथून सुटलेले टोक नखाने ओढताच चिकटपट्टीसारखी लांब पट्टी निघून आली. त्याच संध्याकाळी मोठ्या सशाने गवताला तोंड लावले नाही. सशाला उलटी करता येत नाही, आणि त्याने खाणे थांबवले तर सकाळपर्यंत वाट पाहणेही धोक्याचे असते, म्हणून रात्रीच पशुवैद्यांकडे धाव घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाऊ लागला. पापुद्र्यांमुळेच हे झाले असे पशुवैद्यांनी खात्रीने सांगितले नाही आणि मीही तसा दावा करत नाही. ती रात्र मात्र मी विसरलेलो नाही.

नंतर ओळखीच्या एका सुतारांनी घराच्या तळाला आधी स्पिरिटचा बोळा लावला. काही झाले नाही. थिनरचा बोळा लावताच थर मऊ पडून बोटाला चिकटू लागला. चपडा लाखेचे पॉलिश असते तर ते स्पिरिटने विरघळले असते आणि पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा कठीण थर बसवणारे वार्निश) असते तर त्याने थिनरलाही दाद दिली नसती. हे साधे लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारे आणि लवकर सुकणारे चकचकीत कोटिंग, होते.

जाब विचारल्यावर त्या व्यावसायिकांनी आधी नाकारले, मग ‘एकदा सुकले की कोणतेही कोटिंग सुरक्षितच’ असे सांगितले. यातले अर्धसत्यच घातक आहे. हाताला कोरडे लागणे आणि थर आतपर्यंत पक्का होणे यांत मोठे अंतर असते. पॉलियुरेथेनला त्यासाठी 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. आणि पक्का झालेला थर टेबलावर निर्धोक असला, तरी जो प्राणी तो दातांनी खरवडून गिळणार आहे त्याला तो निर्धोक कसा म्हणता येईल? पैसे परत मिळाले नाहीत, कारण पावतीवरचे दोन शब्द लॅकरलाही लागू पडत होते.

असे काम देणाऱ्यांनी पावतीवर लेपाचे नाव लिहून घ्यावे, डबा आपल्यासमोर उघडायला लावून त्यावरील मजकूर वाचावा, आणि त्याच लाकडाच्या एका तुकड्यावर आधी नमुना मागून तो नखाने खरवडून पाहावा. कच्च्या तेलाचे काम दोन दिवसांत देतो असे कोणी म्हणाले, तर वस्तू त्यांच्या हाती देऊच नये.

फळीवरचा थर पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढता आला. घराच्या आतल्या कोपऱ्यांत हात पोचला नाही, म्हणून ते सशांना परत दिले नाही. फळी सध्या कोरीच आहे. तिच्यावर जाड सुती कापड अंथरतो आणि ते रोज धुतो.