घरपोच न्यूरोट्रान्समीटर किट: नळी चांगली, निष्कर्ष कच्चा

न्यूरोट्रान्समीटर म्हणजे मज्जापेशींमध्ये निरोप नेणारी रसायनं; डोपामीन, सेरोटोनिन, ॲड्रिनॅलिन ही त्यातलीच. ती लघवीत मोजून मनाच्या तक्रारींचं कारण सांगतो, असा या किटचा दावा. निपाणी-खानापूरपर्यंत कुरिअरने येणारं हे लघवी तपासणीचं किट हातात घेतलं की पॅकिंगला नावं ठेवायला जागा नाही. डबी, ॲसिड घातलेली नळी, बर्फाची पिशवी. सकाळची पहिली लघवी सोडून दुसरी घ्यायची, नळीत भरायची, फ्रीझरमध्ये गोठवून पाठवायची. नळीतलं ॲसिड ओतून टाकू नका. ते नसेल तर डोपामीन, ॲड्रिनॅलिन लवकर नासतं. शनिवारी पेटी देऊ नका, रविवारभर गोदामात पडते आणि उन्हाळ्यात बर्फाचं पाणी होतं. दोन-तीन दिवस आधीपासून केळी, टोमॅटो, अननस, अक्रोड आणि वांगं बंद. भाकरी चालते, भरलं वांगं नाही!

साहित्याला पाचपैकी चार. अहवालाला एक, तोही छपाईसाठी.

कारण लघवीतलं डोपामीन बहुतांशी मूत्रपिंडातच तयार झालेलं असतं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. म्हणजे 'सेरोटोनिन कमी' असा लाल बाण मनाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय आकडे क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणात काढतात, त्यामुळे अंगात स्नायू किती यावरही ते हलतात. लघवीतल्या मेटानेफ्रिन (ॲड्रिनॅलिनपासून बनणारं), ५-एचआयएए (सेरोटोनिनपासून बनणारं) या तपासण्या खऱ्या उपयोगाच्या आहेत, पण मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीची किंवा कार्सिनॉइड (सेरोटोनिन स्रवणारी) गाठ शोधायला. मेंदूतलं गाबा हे न्यूरोट्रान्समीटर मोजायचं तर ३ टेस्ला एमआरआयवर (ताकदवान चुंबकाच्या यंत्रावर) स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे रसायनांची मोजणी, लागते. ती संशोधनात वापरतात. एकट्या माणसाचं नैराश्य तीही ठरवत नाही.

खरा धोका पुढेच आहे. नमुन्याआधी 'औषधं थांबवा' असं माहितीपत्रकात असलं तरी नैराश्याची गोळी स्वतःहून तोडू नका. पॅरॉक्सेटीनसारखी गोळी अचानक सुटली की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होते. आणि अहवालाखाली सुचवलेलं ५-एचटीपी (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं ते पूरक) त्याच गोळीसोबत घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: थरथर, ताप, गोंधळलेपण.

तेच पैसे टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ वर घाला. थायरॉइड मंदावला तरी थकवा आणि उदासी येते, आणि त्यावर सरळ उपचार आहेत. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची पट्टी फुकट भरता येते. २७ पैकी १० किंवा जास्त आले तर, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर गुण कितीही असोत, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. बेळगावचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, धारवाडचं डिमहान्स हे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत. मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा.