पावलं कुठून आली? वायरवाले इअरफोन, ब्लूटूथ बड्स की फोनचा स्पीकर

मोबाइलवर शूटर गेम खेळताना ज्याला एनिमीची पावलं आधी ऐकू येतात, त्याची बंदूक दार उघडायच्या आत दाराकडे वळलेली असते. त्यामुळे फोन बदलायचा विचार करण्याआधी कानात काय घालायचं ते ठरवा. पर्याय तीन, त्यातला एक लगेच बाद होतो.

तो म्हणजे फोनचा स्पीकर. स्टिरिओ म्हणून विकलेल्या बऱ्याच फोनमध्ये एक स्पीकर खालचा दणकट आणि दुसरा कॉलचा छोटा असतो. शिवाय फोन आडवा धरला की तळहात नेमका जाळीवर बसतो. डावं-उजवं कसंबसं कळतं, मागचं-पुढचं विसरा. टाइमपास मॅचला चालेल.

खरी लढत वायर आणि ब्लूटूथची. सगळे लेटन्सीबद्दल, म्हणजे आवाज उशिरा पोचण्याबद्दल, बोलतात आणि त्यात तथ्य आहे. वायरमधून येणारा उशीर जाणवतही नाही. एसबीसी किंवा एएसी कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) ब्लूटूथचा आवाज मात्र साधारण 150 ते 250 मिलिसेकंद मागे असतो. सेकंदाला पाच मीटर पळणारा एनिमी तेवढ्यात मीटरभर सरकतो. पाऊल दाराबाहेर ऐकू येतं तेव्हा तो उंबरठ्यावर आलेला असतो. गेमिंग मोडवाल्या बड्समध्ये हा उशीर बराच कमी होतो, फक्त तो मोड चालू करायची आठवण राहिली पाहिजे. ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्हसारखा कोडेक फोन आणि बड्स दोन्हींत लागतो. एकात नसला, तर जोडी मुकाट्याने जुन्या कोडेकवर उतरते.

पण माझ्या मते लेटन्सी ही दुय्यम तक्रार. खरी मेख माइकमध्ये आहे. एकदा दुमजली घराच्या वरच्या खोलीत मी जिन्याकडे स्कोप लावून बसलो होतो, बड्स घालून. जोडीदाराला ‘खाली दोघं आहेत’ सांगायला माइक चालू केला आणि सगळा आवाज जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा झाला. पावलं ऐकू येत होती, पण थेट कपाळाच्या मधोमध! जिन्याकडे बघत राहिलो आणि गोळी आली डावीकडच्या बाल्कनीतून.

कारण साधं आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये स्टिरिओ ऐकण्याचं प्रोफाइल वेगळं आणि कॉलचं वेगळं. बड्सचा माइक चालू झाला की फोन कॉलच्या प्रोफाइलवर जातो: आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात ते) बहुधा 8 किंवा 16 किलोहर्ट्झ. आपल्याला दिशा कळते ती दोन्ही कानांत आवाज किती फरकाने पोचतो आणि कुठल्या कानात मोठा येतो यावरून. वेळेचा तो फरक जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास. मोनोमध्ये दोन्ही फरक पुसले जातात. काही गेम फोनचाच माइक वापरू देतात, तिथे हे टळतं. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीतही सुटका आहे, पण तेही दोन्हीकडे हवं.

वायरचीही कटकट आहेच. जॅक नसेल तर टाइप-सी ॲडॉप्टर लागतो. काहींत स्वतःचा डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप) असतो, काहींत नसतो, आणि दुसऱ्या प्रकारचा प्रत्येक फोनवर चालत नाही. ॲडॉप्टर लावला की चार्जिंगचं भोकही अडतं. वायर शर्टवर घासली की कानात खरखर होते, आणि आपण गवतात सरपटणारा एनिमी शोधत बसतो.

तर स्क्वॉडमध्ये बोलत खेळत असाल, तर वायरच घ्या. एकटे खेळता आणि वायर नकोशी वाटते, तर गेमिंग मोडचे बड्स पुरतात. बोलायचंही आहे आणि वायरही नको, तर 2.4 गिगाहर्ट्झ डोंगलवाला (फोनला छोटा रिसीव्हर लावायचा) हेडसेट बघा; उशीर कमी, आणि माइक चालू असतानाही सहसा स्टिरिओ टिकतो. ‘एक्स्ट्रा बास’च्या मागे मात्र लागू नका, ग्रेनेडच्या धमाक्यात पावलं बुडतात. गेमचा स्वतःचा थ्रीडी आवाज चालू असेल, तर फोनचा व्हर्च्युअल सराउंड बंद ठेवा. दोन प्रक्रिया एकावर एक चढल्या की दिशा धूसर होते. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चुकून चालू नाही ना, तेही बघा.

घ्यायच्या आधी मित्राचे मागून घ्या. ट्रेनिंग मोडमध्ये त्याला स्वतःभोवती पळायला लावा, माइक चालू करा, डोळे मिटा आणि तो जिथे वाटतो तिकडे बोट दाखवा. मग डोळे उघडा.