इसबगोल जेवणाआधी : भूक खरंच कमी होते का? (काही महिने वापरल्यावर)

उन्हाळ्यात चालू केलेलं, आता फराळाची तयारी सुरू झाली तरी घेतेय, म्हणून लिहिते. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते ती साधी भुसी. संत्र्याच्या चवीची घेताना मागचं लेबल वाचा, बऱ्याच प्रकारांत साखर असते, मग वजनासाठी घेऊन उपयोग काय.

रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, मोठ्या ग्लासभर पाण्यात टाकायची, ढवळायची आणि लगेच गटागट प्यायची. मधेच कुकर बंद करायला गेलात की संपलं, चमचा उभा राहील इतकी खळ होते आणि मग घशाखाली उतरत नाही. वर अजून थोडं पाणी. कोरडी तोंडात टाकू नका, घशातच फुगते. सुरुवातीला पोट डब्ब आणि गॅस, त्यामुळे आधी अर्ध्या चमच्यानेच सुरू करा.

आता मुद्द्याचं. तिसरी पोळी आपोआप सुटली, हे नक्की. पोटात जेलसारखं होतं, अन्न हळू पुढे सरकतं, एवढंच त्याचं काम, चरबी वगैरे काही वितळत नाही. पण हिंजवडीहून निघाल्यावर चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलं की जी भूक लागते ना, वडापावच्या गाडीचा वास येतो ती, तिच्यापुढे भुसी शून्य. ती आटोक्यात आली डब्यामुळे. बटाट्याच्या भाजीऐवजी मोडाच्या मटकीची उसळ, सोबत ताक, आणि निघायच्या आधी मूठभर फुटाणे. प्रोटीन असलं की पोट धरून राहतं. आणि झोप! ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजच्या आठवड्यात जागरण झालं की दुसऱ्या दिवशी दिवसभर गोड हवं असतं, झोप कमी पडली की भुकेचं घ्रेलिन हार्मोन वाढतं म्हणतात ते मला तरी पटलंय. बाकरवडीचं सोडा, तिथे भुकेचा प्रश्नच नसतो.

ऑफिसमध्ये 2025 पासून सगळे मौंजारोच्या (वजन कमी करायच्या) इंजेक्शनबद्दल बोलतात, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध, त्याची आणि याची बरोबरी करू नका. माझं वजन सावकाश उतरलंय, जुन्या कुर्त्या बसायला लागल्या, पोट साफ होतं ते वेगळंच.

इतर गोळ्या चालू असतील तर भुसी त्यांच्यासोबत घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. आई थायरॉईडची गोळी सकाळी घेते म्हणून तिला भुसी फक्त रात्री देते. शुगरच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पावसाळ्यात डबा उघडा ठेवलात तर गुठळ्या होतात, घट्ट झाकणाच्या बरणीत काढून ठेवा.