विदर्भातील पालकांनो, जूनमधल्या शिडाच्या बोटीच्या जाहिरातीपासून सावध राहा

तारकर्लीजवळ शिडाच्या बोटीवर सहकुटुंब तीन रात्री राहण्याच्या नावाखाली आमच्याकडून ३९,०७० रुपये उकळण्यात आले. तीच जाहिरात नाव आणि छायाचित्रे बदलून आजही नागपूरकरांच्या मोबाइलवर फिरत आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आधी आगाऊ रक्कम, मग परत मिळणारी अनामत, मग परवान्याचे शुल्क आणि शेवटी बंद पडलेला मोबाइल, हा क्रम तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तो आम्हालाही ठाऊक होता. तरीही पैसे गेले, कारण जाहिरात देणाऱ्या माणसाने नेमका आमचा जून महिना हेरला होता.

उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मुंबई-पुण्याची मुले जूनच्या मध्यावर वर्गात बसतात, तेव्हा आमची मुले अजून कूलरसमोर असतात आणि आईवडील राहिलेल्या सुट्टीचे काय करावे या विचारात असतात. कोकण किनाऱ्यावर मात्र तोवर हंगाम संपलेला असतो. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात त्या ३१ ऑगस्टपर्यंत, १ जूनपासून मासेमारीबंदी लागू होते आणि पहिल्या पंधरवड्यातच पाऊस तिथे पोहोचतो. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक कोण सांगणार? जाहिरातीत ‘विदर्भातील कुटुंबांसाठी जून विशेष सवलत’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि आपल्या सुट्ट्यांचा कोणीतरी विचार केला याचे आम्हाला बरे वाटले, हे आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो.

तो माणूस बोटीबद्दल उडवाउडवीची उत्तरे देत नव्हता, हे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण ‘एवढे शिकलेले लोक कसे फसतात’ असे विचारणाऱ्यांना त्याची कल्पना नसते. त्याने पाठवलेली तयारीची यादी माझ्याकडे अजून आहे. बोटीत ठेवायला जागा नसते म्हणून चाकांची टणक बॅग आणू नका, घडी होणारी कापडी बॅग आणा. पांढऱ्या किंवा फिक्या रबरी तळाचे बूट आणा, काळ्या तळाचे डाग डेकवर पडतात. गोडे पाणी टाकीत मोजकेच असते, म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याने विसळायची. शौचालयात पंप हाताने मारावा लागतो, त्यात कागद टाकायचा नाही. उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर नव्हे, तासभर आधी घ्यायची. किनाऱ्यावर जायचे तर बोट वाळूला टेकत नाही, छोट्या डिंगीतून उतरावे लागते आणि गुडघ्यापर्यंत भिजणे ठरलेलेच, तेव्हा मोबाइल आणि सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. मुलांच्या पायाला चिकटलेली वाळू धुण्यात पाणी घालवू नका, टाल्कम पावडर लावून पुसा.

यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. मी नंतर बोटीवर राहिलेल्या लोकांचे अनुभव वाचले आणि त्यांत अगदी हेच सापडले, म्हणजे त्याने ते कुठून तरी जसेच्या तसे उचलले होते. खरी माहिती देणारा माणूस खरा असतोच असे नाही, ही गोष्ट कोणत्याही सरकारी जनजागृती फलकावर लिहिलेली मी पाहिलेली नाही. त्या यादीप्रमाणे आम्ही सीताबर्डीतून लाइफ जॅकेट, बूट आणि कापडी बॅगा मिळून ६,८४० रुपयांची खरेदी केली, ती वेगळीच.

आता रकमा. पाच जणांसाठी एका रात्रीचे २१,५०० रुपये, म्हणजे तीन रात्रींचे ६४,५०० रुपये ठरले. त्यापैकी तीस टक्के, १९,३५० रुपये, आगाऊ भरले. चार दिवसांनी बोटीच्या सामानाच्या नुकसानीपोटी परत मिळणारी अनामत म्हणून १५,००० रुपये मागितले, तेही भरले. त्यानंतर ‘बंदर प्रवेश परवाना आणि प्रवासी विमा’ म्हणून ४,००० रुपये अधिक अठरा टक्के कर, असे ४,७२० रुपये घेतले. त्याची पावतीसुद्धा आली, कराचा आकडा वेगळा मांडलेली. पावतीवर करनोंदणी क्रमांक असेल तर तो सरकारी संकेतस्थळावर टाकून कोणाच्या नावाचा आहे ते पाहा, यास एक मिनिटही लागत नाही.

दुसरा हप्ता भरण्याच्या संध्याकाळी जे घडले, ते माझ्या मनातून जात नाही. माझ्या सासूबाई वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेल्या, समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलेला. त्या सहज म्हणाल्या, “नारळी पौर्णिमेच्या आधी समुद्रात कोणी जाते का बाप्पा?” खोलीत आम्ही सगळे होतो. कोळी बांधव श्रावणातल्या पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मगच होड्या पुन्हा पाण्यात लोटतात, हे आपण मराठी शाळेत प्राथमिक वर्गातच शिकतो. ते वाक्य ऐकून फोन खाली ठेवायला हवा होता. पण फोन स्पीकरवर होता, त्याने ते ऐकले आणि क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, “आजी, ते खोल समुद्रात जाणाऱ्या होड्यांचे झाले. आपली बोट कर्ली खाडीत उभी असते, देवबागच्या वाळूच्या पट्ट्याच्या आत, तिथे लाट येतच नाही.” देवबाग खरेच समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे, नकाशा उघडून आम्ही ते पाहिले आणि आमची शंका फिटली. समोरचा नकाशा दाखवतो आणि तो नकाशा खरा निघतो, तेव्हा सामान्य माणसाने आणखी काय तपासायचे? पंधरा हजार त्याच संध्याकाळी गेले. पिन टाकण्याआधी पडद्यावर जे नाव आले ते बोटीच्या व्यवसायाचे नव्हते, कोणा व्यक्तीचे होते. ‘आमच्या हिशेबनीसाचे खाते आहे’ असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. पडद्यावरचे नाव जुळत नसेल तर कोणतेही स्पष्टीकरण ऐकू नका.

उलगडा झाला तो मालवणच्या एका घरगुती निवासामुळे. बोटीवर चढण्याच्या आदल्या रात्रीसाठी खोली हवी म्हणून मी फोन केला, तेव्हा तिथले काका म्हणाले, “जूनमध्ये बोट? आमच्या होड्या आम्ही कधीच वर ओढल्या, झापांनी शाकारून ठेवल्या.” त्यांना छायाचित्र पाठवले. त्यांनी बोटीच्या तळाखालची कील, म्हणजे पाण्यात खोल उतरणारा जड कणा, दाखवून सांगितले की अशी बोट दीड-दोन मीटर पाण्यात बुडते आणि कर्लीच्या मुखाशी वाळूचे बांध आहेत, सुनामी आयलंड म्हणून लोक बघायला जातात तो त्यातलाच. ही बोट त्या खाडीत आत येणे अवघड आहे, आणि पावसाळ्यात तर कोणी तसा प्रयत्नही करणार नाही. दोन मिनिटांचा तो फोन आम्ही पहिला हप्ता भरण्याआधी करायला हवा होता असे आज सगळे नातेवाईक सांगतात. जिथे जायचे तिथल्या, या व्यवहाराशी संबंध नसलेल्या एका माणसाला फोन करा.

त्यानंतरचा अनुभव फसवणुकीइतकाच संतापजनक आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवली, पोच क्रमांक मिळाला. त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘घटना सिंधुदुर्गातली, तिकडे जा’ असे उत्तर मिळाले. घटना कुठली सिंधुदुर्गातली? पैसे नागपुरातल्या आमच्या स्वयंपाकघरातून गेले, बोट तर अस्तित्वातच नव्हती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा विचार न करता देता येते, हे मी छापील कागद दाखवून सांगितले, तेव्हा तो कागद बाजूला सारून ‘साहेब आल्यावर या’ असे सांगण्यात आले. साहेब आले तेव्हा म्हणाले, ‘सायबरकडे जा.’ तिथे गेल्यावर ‘ऑनलाइन तक्रार झाली आहे ना, मग वाट पाहा.’ एका हवालदाराने माझ्यासमोरच माझ्या पतींना विचारले, “मॅडमना बोटीवर जायची काय गरज होती?” आमच्या पैशाने, आमच्या मुलांना समुद्र दाखवण्याची गरज मी कोणाला समजावून सांगायची आहे का?

बँकेने हात वर केले. पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, म्हणून आमची जबाबदारी नाही, असे लेखी उत्तर आले. समोरच्या खात्यात शेवटचे ४,७२० रुपये तेवढे गोठवलेले सापडले, बाकीचे पैसे पुढच्या खात्यांत पांगले होते. ते ४,७२० रुपये परत मिळवण्यासाठीही न्यायालयाचा आदेश आणा असे सांगितले आहे. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. बँकेतील कोणीही ते आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

पैसे गेल्याचे लक्षात येताच आधी १९३० लावा, ठाण्याचे नंतर पाहा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीचे काही तासच महत्त्वाचे असतात. गप्पांचे स्क्रीनशॉट काढून मगच त्याला जाब विचारा. आम्ही आधी जाब विचारला आणि त्याने निम्मे संदेश पुसून टाकले. ‘परत मिळणारी’ हा शब्द आला की तिथेच थांबा.

लोकपालाकडे अर्ज गेला आहे, गोठवलेल्या रकमेसाठी वकिलांनी कागद तयार केले आहेत आणि ठाण्यात मी पुन्हा जाणार आहे. ‘विदर्भातील कुटुंबांसाठी जून विशेष’ या जाहिरातीवरून आणखी कोणी पैसे भरले असतील, तर लाज वाटून गप्प बसू नका, स्वतःची तक्रार स्वतंत्रपणे नोंदवा. एकाच खात्याविरुद्ध चार-पाच तक्रारी आल्या, तर निदान पोलिसांना हद्दीचे कारण पुढे करता येणार नाही.