सोयादुधाचं मशीन: अकरा महिन्यांचा हिशेब

लातूरच्या मार्केट यार्डात मी आडतीवर हिशेब लिहितो. हंगामात रोज सोयाबीनचे शेकडो कट्टे डोळ्यांसमोरून जातात. मॉइश्चर किती, माती किती, डागी किती हे मशीन लावायच्या आधी अंदाजानं सांगू शकतो. पण गेल्या वर्षापर्यंत त्यातला मूठभर दाणा कधी घरी नेला नव्हता. आमच्याकडं सोयाबीन हे खायचं धान्य नाहीच, ते विकायचं पीक. मिलला जातं, तेल निघतं, उरलेली डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, कोंबड्यांच्या आणि दुभत्या जनावरांच्या खाद्यात जाते. दाणा जनावराला घालायचा आणि जनावराकडून दूध काढायचं. मधलं जनावर वगळून काही जमतं का हे बघायला मी फेब्रुवारी 2025 मध्ये सोयादूध करायचं मशीन घेतलं. साडेसहा हजार पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं सर्व्हिसबद्दल बोलायचंय आणि मला भांडण नकोय. या प्रकारची सगळी मशीनं साधारण सारखीच असतात.

आधी दूध का सोडलं ते सांगतो, नाहीतर एवढे पैसे कशाला घातले हा प्रश्न राहतोच. आमचं घर माळकरी. आजोबांपासून गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा नाही. दावणीला दोन-तीन म्हशी कायम. म्हैस व्याली की पहिला प्रश्न, रेडी का रेडा? रेडी असली तर तिच्यासाठी एक सड सोडायचा. रेडा असला तर त्याला कुणी मारायचं नाही, फक्त पुरतं पाजायचं नाही. ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम उरलं नव्हतं, रेतनाला दवाखाना होता, मग त्याला पोसायचं कशाला. महिन्या-दीड महिन्यात ते जायचं. 'गेलं' एवढंच म्हणायचे, कशानं गेलं ते कुणी विचारायचं नाही.

रेडकू गेलं की म्हैस धारेला अडायची. मी आठवीत असताना दादानं मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून वाळवून आणलं, आत भुसा भरला, सुतळीनं शिवलं आणि वर मिठाचं पाणी शिंपडून म्हशीपुढं ठेवलं. म्हैस ते चाटत राहिली. मानेजवळ शिवण उसवली होती, तिथून भुसा बाहेर यायला लागला, तिनं तोही चाटला. खाली धार वाजत होती. बादली माझ्या हातात होती.

दूध सोडतो म्हणालो तेव्हा आई म्हणाली, "म्हशीनं दिलंय ते घ्यावं, आपण काय चोरून आणतोय का?" मी तिला उलट काही बोललो नाही. पण म्हैस अशी अडली की आमच्याकडं सगळे काय म्हणतात? म्हैस पान्हा चोरतीय. दूध तिचं, तिच्या पिलासाठी आलेलं, तिच्याच कासेत, आणि चोर ती. हा शब्द मी तीस वर्षं बिनघोर वापरला.

तो टोचायला लागला दोन वर्षांपूर्वी. भाकड म्हैस घेऊन दादाबरोबर हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गेलो होतो. घेणाऱ्याला सहज विचारलं, कुठं नेणार? तो नुसता हसला. राज्यात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हैसवर्ग त्यात नाही, त्यामुळं म्हैस कुठं जाते हे विचारण्यासारखं काही नव्हतंच. नोटा मोजताना माळ दादाच्या गळ्यात होती आणि माझ्याही. तरी दूध त्या दिवशी सुटलं असं नाही. वर्ष गेलं. आधी दूध, मग तूप, सगळ्यात शेवटी दही. अशा खाण्याला व्हीगन म्हणतात आणि हा शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन यांनी काढला हे मला नंतर कळलं. गावात मी 'दूध न पिणारा' एवढाच आहे.

आता मशीन. स्टीलचा जग, वर झाकण, झाकणातच मोटर आणि खाली लोंबणारं पातं. तळाशी हीटर. बरोबर एक प्लास्टिकचा माप-कप आणि गाळणी. भिजलेलं सोयाबीन आणि पाणी घालायचं, बटण दाबायचं. ते पाणी तापवतं, मध्ये मध्ये दळतं, परत उकळतं, आणि सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांनी शिट्टी देतं. आवाज मिक्सरइतकाच, पण मध्येच गप्प होऊन अचानक परत सुरू होतं. पहिल्या आठवड्यात बायको दरवेळी दचकायची. "अहो, सहा वाजता लावत जाऊ नका, शेजारचे उठतात." आता साडेसातला लावतो.

नव्वद ग्रॅम कोरड्या सोयाबीनचं सव्वा लिटर दूध होतं. पंचेचाळीस ते पन्नास रुपये किलोचा दाणा धरला (2025-26 ला हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता तरी हंगामात सौदे त्याच्या बरेच खाली झाले, आणि त्याचं दुःख वेगळं) तर साडेचार रुपयांचं सोयाबीन. वीज धरून सात-आठ रुपये. म्हशीचं दूध आमच्याकडं सत्तरच्या घरात आहे आणि बाजारातला सोयाचा लिटरचा डबा सव्वाशेच्या पुढं. रोज एक जग करणाऱ्या घरात मशीनचे पैसे साधारण तीन महिन्यांत फिटतात. माझे फिटले.

चवीचं मात्र पुस्तिकेत लिहिलंय तसं होत नाही. पहिल्या दिवशी दूध आलं ते पांढरंशुभ्र, आणि वास असा की मिलच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटलं. मुलानं घोट घेतला आणि बेसिनकडं पळाला. तीन आठवडे मी दाणा बदलून बघितला, पाणी बदललं, वेलदोडा घातला. शेवटी कळलं की तो वास दाण्यात आधीपासून नसतो. दाणा गार पाण्यात फुटला की त्यातलं लायपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम तेलावर काम करतं आणि तेव्हा वास तयार होतो. म्हणून फुटायच्या आधीच त्याला उष्णता द्यायची. रात्री भिजवायचं, सकाळी चोळून टरफलं काढायची, दाणे खळखळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायचे, ते पाणी फेकायचं आणि मशीनमध्येसुद्धा कडकडीत पाणीच घालायचं. वास नव्वद टक्के जातो. उरलेल्या दहा टक्क्यांना आपणच सरावतो. बियाण्याच्या पिशवीतलं उरलेलं सोयाबीन यात चुकूनही वापरू नका, त्याला औषध चोळलेलं असतं. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आमच्या ओळखीत एकानं विचारलंच होतं.

चहात आलं घालून दूध उकळायची सवय असेल तर सोयादूध फाटणार. आम्ही आता आलं, साखर, पत्ती आधी पुरती उकळून घेतो, गॅस बंद करतो आणि गरम केलेलं सोयादूध वरून ओततो. रंग बरा येतो, साय येते (खरंच येते, पातळशी), पण म्हशीच्या दुधाच्या चहाचा दाटपणा येत नाही. येतो म्हणून कुणी सांगितलं तर त्याचा माल पुढं ठेवून विचारा. आडतीवर मी बिनदुधाचा लिंबू-चहा घेतो, तिथं प्रश्नच नाही.

तक्रारी. जूनमध्ये वादळी पावसात वीज गेली आणि मशीन अर्ध्यावर थांबलं. वीज आल्यावर ते जिथं थांबलं तिथून पुढं जात नाही, पहिल्यापासून सुरू करतं. म्हणजे एकदा दळलेलं दूध परत तळाशी तापणार, आणि खाली करपणार. करपलेला तळ घासायला मला पाऊण तास लागला. पण वीज गेली म्हणून ते तसंच पिऊ नका. कच्च्या सोयात प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात, ती पुरती उकळल्यावरच जातात. तेव्हापासून वीज गेली की सगळं पातेल्यात ओततो आणि गॅसवर ढवळत दहा-पंधरा मिनिटं उकळतो. फेस फार येतो, त्यामुळं मोठं पातेलं घ्या.

ऑगस्टमध्ये फेस ओळखणारी दांडी बिघडली. दूध उतू जायच्या आधी हीटर थांबवायचं तिचं काम. ती थांबवेना, दूध ओट्यावरून खाली. वॉरंटीत होतं. सर्व्हिसवाल्यांनी मशीन पुण्याला पाठवायला लावलं, एकोणीस दिवस ठेवलं, आणि परत आलं ते गाळणीशिवाय. गाळणीबद्दल चार फोन केले. पाचव्या फोनला "सर, पार्ट आउट ऑफ स्टॉक आहे." मी गंजगोलाईतून मलमलचं फडकं आणलं. खरं सांगायचं तर फडक्यानं दूध त्या गाळणीपेक्षा चांगलं गाळलं जातं, फक्त पिळायला गरम लागतं.

चोथा टाकू नका. ज्वारीच्या पिठात, कांदा आणि तिखट घालून त्याची धपाटी होतात, आणि ही एक गोष्ट माझ्या बायकोनं पहिल्या दिवसापासून मान्य केली. गावी गेलो की चोथा दादाच्या म्हशीला जातो. तिला तो आवडतो. यंदा ती व्याली, रेडी झाली. दादानं फोनवर आधी तेच सांगितलं.

मशीनला जमत नाही ते दही. पुस्तिकेत दह्याचं चित्र आहे. मी हिरव्या मिरचीचे देठ टाकून लावलं, लागलं, पण धपाट्याबरोबर खाल्लं तर जिभेला मागून तोच सोयाचा वास. मग शेंगदाणे घेतले. एक वाटी भिजवून, टरफलं काढून, मिक्सरमध्ये पाण्याबरोबर वाटून, गाळून, उकळून, कोमट झाल्यावर देठ टाकून रात्रभर. हे दही खरंच दह्यासारखं आंबतं, कढीला उत्तम. यात साडेसहा हजारांच्या मशीनचा काडीचा संबंध नाही. दह्यासाठी मशीन घेणार असाल तर घेऊ नका.

आणखी दोन गोष्टी. घरी केलेल्या सोयादुधात कॅल्शियम फारसं नसतं, डब्यातल्यात वरून घातलेलं असतं. आमच्याकडं तीळ, कारळं आणि नाचणी वाढवली. बी-12 तर झाडपाल्यातून मिळतच नाही, डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी दिली, ती चालू आहे. "दूध सोडलं म्हणून गोळी," असं आई सगळ्यांना सांगते. तिचं चूक नाही, पण ती स्वतः दूध पिते आणि तिलाही तीच गोळी आहे, ते ती सांगत नाही. बाहेरच्या वस्तू घेताना हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, त्यात दूध, दुधाची पावडर सगळं बसतं. 2022 च्या नियमांनंतर व्हीगन मालासाठी वेगळं हिरवं 'व्ही' चिन्ह आलंय, पण लातूरच्या किराणा दुकानात ते मला मोजून दोनदा दिसलं. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत उभा राहिलो की दुकानदार आता स्वतःच सांगतो, "दूध हाय त्यात, ठेवा."

गेली येळवस मशीनची खरी परीक्षा होती. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना वेळ अमावस्या सांगायला नको. बाकीच्यांसाठी: डिसेंबर-जानेवारीत सगळं गाव शेतात जातं, पांडवांची पूजा होते आणि भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असं जेवण होतं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. ताकाशिवाय आंबील नाही, अशी माझी समजूत. आदल्या रात्री मी औसा तालुक्यातल्या आमच्या घरी मशीन घेऊन गेलो, सोयादूध केलं, लिंबू पिळून आंबट केलं आणि शिजलेल्या पिठात घालायला लागलो. चुलीपाशी आई.

"काय करलालास रे?"

सांगितलं. तिनं पळीभर चाखलं आणि थुंकलं नाही एवढंच.

मग बसल्या बसल्या ती म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या दावणीला एक जनावर राहिलं नव्हतं. ती चौदा-पंधरा वर्षांची. सरकारी कामावर मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी मिळायची. त्या वर्षीची आंबील तिच्या आईनं ताकाविना केली होती. पीठ पाण्यात कालवून मडक्यात दोन रात्री ठेवलं, ते आपोआप आंबलं, मग शिजवून लसूण, जिरं, मीठ. "लोकांनी बिंदगंच्या बिंदगं पिलं," ती म्हणाली, म्हणजे घागरीच्या घागरी. मला हे पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिलाही मी लिंबू पिळेपर्यंत आठवलं नव्हतं.

दोन रात्रींचा वेळ तेव्हा हातात नव्हता. माझी आंबील त्या दिवशी मीच प्यालो, तीही निम्मी.

तर मशीन: चहासाठी आणि मुलाच्या सकाळच्या पेल्यासाठी (तो आता कोको घालून पितो) घ्यायला हरकत नाही. पाचपैकी साडेतीन. सर्व्हिस नीट असती तर चार दिले असते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात असाल तर मिक्सर, फडकं आणि मोठं पातेलं यांत तेच काम होतं, वीस मिनिटं जास्त उभं राहावं लागतं इतकंच. पुढच्या येळवशीला आईनं पीठ दोन दिवस आधी भिजवायला सांगितलंय. मशीन लातूरलाच राहील.