सोलापुरी चादर घ्यायची तर पूर्व भागात जा

आहेराला चादरी हव्या होत्या म्हणून यावेळी स्टेशनजवळची दुकानं सोडून सरळ सोलापूरच्या पूर्व भागात गेलो, अशोक चौकाच्या पुढे एका गल्लीत, पुढे दुकान आणि मागे माग असा कारखाना आहे, पाटी पण धड दिसत नाही.

माल एक नंबर. चादर जाड आहे पण टोचत नाही, आणि डिझाइन दोन्ही बाजूंनी, म्हणजे इकडे मरून मोर पिवळ्यावर तर उलटी केली की पिवळा मोर मरूनवर. छापील नाही, जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेलं. पहिल्या धुण्यात रंग थोडा सुटला, वेगळी भिजवा. टॉवेल तर पाणी असा ओढतो की बस.

मालक आमच्याशी मराठीत भाव करत होते आणि मध्येच मागं वळून कामगाराला तेलुगूत ओरडत होते, धागा तुटला होता वाटतं. अख्खा पूर्व भाग असाच, पद्मशाली समाजाचे विणकर, तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या इथं आलेले. लोक म्हणतात सोलापूरच्या हवापाण्यामुळे चादर चांगली होते, अहो कसलं पाणी, नळाला चार-पाच दिवसांनी येतं! रेल्वे होती, १८७७ मध्ये 'जुनी मिल' म्हणतात ती कापडगिरणी निघाली, मग आणखी मिल आल्या, हे सगळं खरं, पण त्या मिल कधीच बंद पडल्या आणि चादर अजून निघतेच आहे ना? कारण विणणारा माणूस इथं घर करून राहिला, त्याच्याच घरात आधी हातमाग मग यंत्रमाग आला, कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरायला घरातलीच माणसं, माग बिघडला तर दुरुस्त करणारा शेजारच्या गल्लीत. हे सगळं उचलून दुसऱ्या गावात नेऊन मांडणं सोपं नाही.

बाजारात सोलापुरी म्हणून पानिपतचा माल सर्रास खपवतात, हलका असतो आणि स्वस्त. तसं पानिपतचा धंदा पण फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्या विणकरांनीच वाढवला, त्यामुळे त्यांना नावं ठेवत नाही, फक्त पानिपतचं पानिपत म्हणून विका. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोघांनाही जीआय, म्हणजे त्या भागाच्याच मालाला ते नाव देणारं सरकारी मानांकन आहे, दुकानदाराला बिनधास्त विचारा.

आता पुढचं काय ते बघायचं. मालकांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, मागावर बसायला पोरं मिळत नाहीत म्हणाले. तिकडे तेलंगणा सरकारने २०१७ मध्ये वरंगळजवळ काकतीय मेगा टेक्स्टाईल पार्कची पायाभरणी केली तीच सुरत, भिवंडी, सोलापूरला गेलेल्या विणकरांना परत बोलवायचं म्हणून. "जाणार का?" विचारलं तर हसले, घर इथं, समाजाच्या मार्कंडेयाचं देऊळ इथं, गिऱ्हाईक इथलं, जाऊन करू काय म्हणाले. पण कामगार गेला तर माग कोण चालवणार, यावर काही बोलले नाहीत.

तक्रारी पण आहेत. बिल मागितलं तर तोंड वाकडं, पार्किंग शून्य, आणि पार्सल सांगितल्यापेक्षा आठवडाभर उशिरा आलं ते पण दोन फोन केल्यावर, वर एका चादरीचा रंग सांगितला त्यापेक्षा वेगळाच. चादर बदलून दिली पण कुरिअरचा खर्च माझ्याच माथी. मालाला पाच, सर्व्हिसला दोन स्टार. गाडी घेऊन जा आणि माल स्वतः उलगडून बघून उचला, पार्सलच्या भानगडीत पडू नका.